चौकातल्या फोटोखालचं नाव

अर्धा रस्ता चालून झाला होता, तरी माझ्या भावाचं बोलणं अजून लग्नाच्या हॉलच्या फाटकातून बाहेर पडलं नव्हतं. हॉलच्या मालकाला लाज नाही, वकीलबाईंना माणुसकी नाही आणि फोटोग्राफरइतका बावळट प्राणी देवानं दुसरा घडवला नाही, हे तीन मुद्दे तो आलटून पालटून सांगत होता. चार पावलं पुढं जायचा, थांबायचा, मागं वळून मला एक वाक्य ऐकवायचा आणि पुन्हा चालू लागायचा. मी आपली गुडघा सांभाळत मागून.

बसनं जाऊ म्हटलं तर नको म्हणाला. रागात असला की त्याला बसवत नाही. लहानपणी कुणाशी भांडून आला की घराभोवती गोल गोल फिरायचा. आई म्हणायची, याचा राग पायांतून उतरतो. आता पन्नाशी उलटली. राग आहे तेवढाच आहे, रस्ते मात्र लांब झालेत.

एका बाजूला गोदामांची न संपणारी भिंत, दुसऱ्या बाजूला कोरडा नाला. भिंतीवर जाहिराती चिकटवलेल्या होत्या, त्यांच्यावरही त्याचा राग निघत होता. एका जाहिरातीत दोन दात दाखवून हसणारं बाळ होतं. "हा बघ. हासुद्धा कुणीतरी काढलाच असेल ना? लिहिलंय का कुठं, कुणी काढला?" मी म्हटलं, आईनं काढला असेल बाळाच्या. तर म्हणाला, "मग आईचं नाव हवं."

आम्ही निघालो होतो एका मुलीच्या वडिलांकडे. त्या मुलीचा लग्नातला फोटो चौकातल्या मोठ्या होर्डिंगवर लागला होता. तो तिला उतरवून हवा होता आणि उतरवायचा अधिकार कुणाचा, हे शोधण्यात आमचा आठवडा गेला होता. सगळं सांगायचं तर भावाचं थोडं सांगायला हवं.

माझा भाऊ लग्नांचे फोटो काढतो. त्याचं कागदावरचं नाव घरात आणि बँकेत. बाहेर लहानथोर सगळे त्याला 'हलूनका' म्हणतात. घोळक्याचा फोटो काढताना तो असा काही ओरडतो, "हलू नका", की पंगतीतले आचारीसुद्धा जागच्या जागी थिजतात. पण त्यात एक मेख आहे. तो ओरडतो, सगळे ताठ होतात, एक फोटो काढतो आणि म्हणतो, "झालं." झालं म्हटल्याबरोबर माणसं सुटतात. कुणी पोट सोडतं, कुणी बायकोकडे बघून हसतं, कुणी दुखणारा पाय चोळतं. तेव्हा हा खरा फोटो काढतो. 'हलू नका'चे फोटो अल्बमच्या पोटात जातात आणि 'झालं'नंतरचे लोक भिंतीवर लावतात. ही त्याची स्वतःची रीत, कुणी शिकवलेली नाही.

शिकायला तो एका जुन्या स्टुडिओत होता. तिथला नियम असा, की फोटो कुणीही काढो, मागं शिक्का स्टुडिओवाल्या काकांचा. भावानं काढलेला एका म्हातारीचा फोटो एकदा कॅलेंडरवर आला. तो आम्ही घरी टांगला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला आई अभिमानानं दाखवायची आणि माणसं खालचं नाव वाचून म्हणायची, काका मोठे कलाकार हो. भाऊ तेव्हा पाणी आणायच्या निमित्तानं आत जायचा. बहुतेक त्याच घरात, त्या भिंतीसमोर, त्याच्या डोक्यात नावाचं खूळ शिरलं.

स्वतःचं दुकान झाल्यावर त्यानं प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात नाव घालायला सुरुवात केली. बारीक अक्षरांत, पण दिसेल असं. लोक कुरकुरायचे. लग्न आमचं आणि नाव तुमचं कसं, म्हणायचे. त्याचं उत्तर ठरलेलं, लग्न तुमचं, उजेड माझा. माझी भावजय फार मिश्कील. ती सांगते, मुलांच्या प्रगतिपुस्तकावर सही करतानासुद्धा हे आधी उजवा कोपरा शोधतात.

तर हा फोटो. हॉलच्या पायऱ्यांवर मुलगी आणि तिचे वडील उभे होते. याचं "हलू नका" झालं, "झालं" झालं. तेवढ्यात मुलीच्या सँडलचा पट्टा सुटला. वडील सुटाबुटात, तसेच गुडघ्यावर बसले आणि पट्टा लावायला लागले. तिचा तोल गेला. तिनं बापाच्या डोक्यावर हात टेकला, त्यांचे विंचरलेले केस पार विस्कटले आणि ते बघून ती मान मागं टाकून हसली. याचा कॅमेरा तयारच होता.

हॉलच्या आतल्या भिंतीसाठी तो दर लग्नातले दोनचार फोटो मालकांना देत असे, त्यात हाही गेला. काही दिवसांनी चौकात पाहतो तर हे भलंमोठं होर्डिंग. वर लिहिलेलं, 'तुमच्या आनंदाची सुरुवात आमच्याकडे.' मुलगी होती. बाप कापलेला होता. खालच्या कडेला नुसता एक हात सँडलच्या पट्ट्यावर. आणि उजव्या कोपऱ्यातलं नाव पुसलेलं.

भाऊ तसाच तडक हॉलवर गेला. भावजय म्हणाली, आज हे होर्डिंग खांद्यावर घालूनच घरी येतात. आला तो हसत. मालकांनी चूक मान्य केली होती, चहा पाजला होता आणि नाव घालायचं कबूल केलं होतं, तेही कोपऱ्यात बारीक नव्हे, खाली ठसठशीत. त्या बदल्यात फक्त एका कागदावर सही. कागदावर लिहिलं होतं की हा फोटो माझा आहे आणि तो जाहिरातीत वापरायला माझी परवानगी आहे. 'माझा आहे' हे दोन शब्द वाचून माझा भाऊ पुढचं वाचायला थांबलाच नसणार. पुढच्या आठवड्यात त्यानं आम्हा सगळ्यांना चौकात नेलं. तो वर मुलीकडे बघतच नव्हता, खालच्या नावाकडे बघत होता. आम्हीही तेच बघत होतो.

दुपारी मी त्याच्या दुकानात बसते. घरी एकटीला दुपार खायला उठते आणि त्यालाही गल्ल्यावर कुणी लागतं. अशाच एका दुपारी ती मुलगी आली. केस मागं घट्ट बांधलेले, गळ्यात कामाच्या ठिकाणचं ओळखपत्र. भावानं ओळखलं आणि त्याचा चेहरा खुलला. खुर्ची पुढं केली, पंखा तिच्याकडे वळवला. चौकात पाहिला का, छान आलाय ना, असं विचारून मोकळा झाला.

"छान आलाय," ती म्हणाली. "उतरवा."

मग तिनं सांगितलं. लग्न टिकलं नाही. ती आता एकटी राहते. का मोडलं ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. रक्त तपासायच्या लॅबमध्ये तिला काम मिळालं होतं, ते नेमकं त्या चौकात. नमुने घ्यायला बसते तिथली खिडकी होर्डिंगच्या समोर. माणसं हात पुढं करतात, तिच्याकडे बघतात, खिडकीकडे बघतात आणि विचारतात, तुम्ही त्याच ना? मग नवरा काय करतो, हे ओघानं आलंच. लॅबच्या बाईंनी तिला मागच्या खोलीतल्या टेबलावर बसवून पाहिलं, पण तिथं नवीन माणसाला काम नाही. हे असंच चाललं तर नोकरी सोडावी लागेल आणि नोकरी सोडली तर खोली सोडावी लागेल. हॉलवर ती आधी जाऊन आली होती. तिथं सांगितलं, फोटो फोटोग्राफरचा आहे, त्यांना विचारा, खाली नाव आहे.

भाऊ म्हणाला, पण पोरी, मी काही वाईट हेतूनं काढला नव्हता.

"मला माहितीय," ती म्हणाली. "पण काका, तुम्ही 'झालं' म्हणाला होतात."

भाऊ उगाच पंखा आणखी तिच्याकडे वळवायला लागला.

ती गेल्यावर तो आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या वकीलबाईंकडे गेला. मीही गेले. त्याला वाटत होतं, फोटो आपला आहे तर परवानगी मागं घेऊ, संपलं. वकीलबाईंनी कागद वाचला आणि विचारलं, लग्नाच्या वेळी त्या लोकांशी फोटोच्या मालकीबद्दल काही लिहून घेतलं होतं का? याच्याकडे कुठली लिखापढी. मग त्या म्हणाल्या की अशा वेळी पैसे देऊन फोटो काढून घेणाऱ्याचाच तो असतो. म्हणजे ज्यांनी तुम्हाला पैसे दिले, त्या मुलीच्या वडिलांचा. तुमचा कधी नव्हताच, तेव्हा तुम्ही दिलेल्या परवानगीलाही काही अर्थ नाही. तसं लिहून द्या, हॉलवाल्यांच्या हातातला कागद फुकट जाईल.

भावाला यातलं एकच वाक्य ऐकू आलं. "काढला मी," तो म्हणाला. वकीलबाई म्हणाल्या, गवंडी घर बांधतो, म्हणून त्यात राहायला जातो का? हे त्यांनी बोलायला नको होतं. जिना उतरेपर्यंत तो 'गवंडी, गवंडी' करत होता.

मी म्हटलं, आणि त्या मुलीचं काय, चेहरा तिचा आहे ना? वकीलबाई म्हणाल्या, चेहऱ्याचा दावा वेगळा घालता येईल, पण त्याला वेळ लागतो. तोवर तिची नोकरी थांबेल का ते बघा. मला चीड आली ती याचीच. काढणारा म्हणतो माझा, पैसे देणाऱ्याचा म्हणतो कायदा, छापणारा म्हणतो माझ्याकडे कागद आहे. तोंड देवानं जिला दिलं तिनं रांगेत सगळ्यांच्या मागं उभं राहायचं.

पायपिटीच्या दिवशी सकाळी आम्ही हॉलवर गेलो होतो. मी बरोबर असले की आवाज चढत नाही म्हणून भावानं मला नेलं. मालक गोड माणूस. थंड पाणी मागवलं, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग ड्रॉवरमधून तो कागद काढून टेबलावर ठेवला.

"त्या दिवशी तुम्ही भांडलात, माझा आहे म्हणून," ते म्हणाले. "आज कुणाचा आहे, ते एकदा ठरवून या."

बाकीचं त्यांनी हसत हसत सांगितलं. एकतर मुलीच्या वडिलांची लेखी हरकत आणा. नाहीतर तुम्ही लिहून द्या की फोटो तुमचा नाही. दोन्हीपैकी काही नसेल तर जागेचं भाडं वर्षभराचं भरलंय, वर्ष संपलं की आपोआप उतरेल. शिवाय मुलगी हसतेय की फोटोत, आम्ही तिची बदनामी थोडीच करतोय. आणि निघता निघता, अगदी दारात, भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की पुढच्या होर्डिंगला तुमचाच दुसरा फोटो घेऊ, नाव आणखी मोठं करू. मी भावाकडे पाहिलं. क्षणभर, अगदी पापणी लवायला लागते तेवढा वेळ, त्याचे डोळे चमकले होते. मग तो वळला आणि चालायला लागला. बसस्टॉप मागं पडला तरी चालतच राहिला.

तर अशी ती पायपीट. नाला संपला तसा त्याचा आवाज जरा खाली आला. वडील हरकत लिहून देतील, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. बाप आहे, पोरीसाठी एवढं करणार नाही का, असं दोनदा म्हणाला. बापानं लिहून दिलं की याला स्वतःला काही लिहावं लागणार नव्हतं. ते तो बोलला नाही, पण मला दिसत होतं.

वडील इस्त्री करत होते. टेबलावर जुनी घोंगडी अंथरलेली, बाजूला घड्या घातलेले चार शर्ट. घर एकट्या माणसाचं पण टापटीप. भिंतीवर खिळे होते, फोटो एकही नव्हता. भावाला पाहून त्यांनी इस्त्री उभी केली.

"तिनं पाठवलं?"

मी म्हटलं, नाही, आमचे आम्ही आलो. ते हं म्हणाले आणि पुन्हा कॉलरवरून इस्त्री फिरवू लागले. भावानं सगळं सांगितलं, लॅब, खिडकी, माणसांचे प्रश्न. आणि जे वाक्य त्याच्या तोंडून निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं तेही निघालं. फोटो तुमचा आहे, कायद्यानं तुमचा आहे, तुम्ही नको म्हणालात की संपलं. बापाच्या गळी उतरवायला का होईना, पण बोलला.

"मी नको म्हणणार नाही," ते म्हणाले.

मला रागच आला. म्हटलं, अहो, तुमच्याच मुलीला त्रास होतोय, तिची नोकरी जाईल. त्यावर ते म्हणाले की नवऱ्याचं घर सोडताना तिनं मला विचारलं नाही, हे घर सोडतानाही विचारलं नाही. आता फोटोपुरती माझी सही हवी असेल तर तिनं येऊन सांगावं. शर्टाची बाही त्यांनी तीनतीनदा दाबली, इतकी की वाफ धरली. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "भाजीला मी त्या चौकातून जातो. लांब पडतं. पण जातो. तिथं तो पट्ट्यावरचा हात आहे ना, तो माझा आहे."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी घोंगडीवरच्या जळक्या डागाकडे. मनात देवाला म्हटलं, तूच सांग बाबा, यातल्या कुणाला खोटं पाडू. आम्ही उठलो. दारापाशी आलो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. हॉलवाले विचारायला आले तर ठेवा म्हणूनही मी लिहून देणार नाही, म्हणाले. तेवढं मी करीन. त्यापलीकडे तुमचं तुम्ही बघा.

परतीच्या वाटेवर भाऊ एकदाही मागं वळला नाही. तो गप्प असला की मला जास्त थकायला होतं. गोदामांच्या भिंतीपाशी मीच म्हटलं, आता तूच राहिलास, लिहून दे. हॉलचं काम जाईल हे त्याला ठाऊक होतं, मलाही होतं. त्याची अर्धी लग्नं तिथूनच येतात. पण तो त्याबद्दल बोललाच नाही.

"ताई, हा माझा नाही म्हणून लिहिलं की दुकानातल्या भिंतीवरचा एकही माझा राहत नाही. कळतंय का तुला? इतकी वर्षं मी काय केलं मग?"

मी म्हटलं, फोटो काढलेस. त्याला ते पुरेसं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते उत्तर काही पुरेसं वाटत नव्हतं. पण मुलगी उद्या सकाळी पुन्हा त्या खिडकीसमोर बसणार होती.

दुकानात आल्यावर त्यानं शटर अर्धंच वर केलं, गिऱ्हाईक नको म्हणून. वाकून आत शिरलो. त्यानं गल्ल्यामागून कोरा कागद घेतला, वर तारीख घातली, हॉलच्या मालकांचा पत्ता लिहिला, 'विषय' लिहून त्याच्यापुढं फोटोबाबत असं लिहिलं. तिथवर हात चालला. मग पेन कागदावर टेकून राहिलं आणि टेकलं तिथं शाईचा ठिपका मोठा होत गेला. तो कागद फाडला. दुसरा घेतला, पुन्हा तारीख, पुन्हा पत्ता, आणि पुन्हा हात तिथंच अडला. भिंतीवरून नवरेनवऱ्या, आज्या, करवल्या, दमलेले बाप आमच्याकडे बघत होते. कुणीच हलत नव्हतं.

शेवटी त्यानं कागद माझ्या बाजूला सरकवला आणि पेन माझ्या हातात दिलं.

"हा फोटो माझा नाही, एवढं वाक्य तू लिही ताई," तो म्हणाला. "वाचून दाखवू नकोस. खाली सही मी करतो."